रोम पडलं, कॉन्स्टँटिनोपल टिकलं
३९५ मध्ये रोमन साम्राज्याच्या कायमच्या दोन वाटण्या झाल्या. पश्चिमेच्या वाट्याला लांबलचक सरहद्द आली, तिजोरी मात्र तोकडी. ४३९ मध्ये व्हँडल या जर्मानिक टोळीने उत्तर आफ्रिकेतलं कार्थेज शहर घेतलं आणि माझ्या मते पश्चिमेचं कंबरडं तिथेच मोडलं. आफ्रिकेचं धान्यही गेलं, महसूलही. सैन्याला पगार द्यायचा कुठून? ४७६ मध्ये ओडोएकर या जर्मानिक सरदाराने रोम्युलस ऑगस्टुलस या पोरसवदा सम्राटाला गादीवरून उतरवलं.

पूर्वेला इजिप्तचं धान्य येत राहिलं, सोन्याचं सॉलिडस नाणं खणखणीत राहिलं. शिवाय पूर्वेची राजधानी कॉन्स्टँटिनोपल (आजचं इस्तंबूल), तिची तटबंदी! आधी खंदक, मग बाहेरचा तट, त्यामागे आतला उंच तट. ४४७ च्या भूकंपात ती ढासळली, हूणांचा राजा अत्तिला याची धास्ती होती; लोकांनी ती अवघ्या दोन महिन्यांत पुन्हा उभी केली. जमिनीकडचा हा तट १४५३ मध्ये उस्मानी (ऑटोमन) तुर्कांच्या तोफांनी फोडला.