दादरचा नेटवर्किंगचा रविवारचा क्लास, माझा अनुभव

दोन महिने दर रविवारी डोंबिवलीहून दादरला जाऊन डेटा कम्युनिकेशन आणि लॅनचा (एकाच जागेतले कॉम्प्युटर जोडणारं नेटवर्क) बेसिक कोर्स केला, पैसे वसूल झाले खरंच. सरांनी पहिल्याच दिवशी क्रिम्पिंग टूल (केबलच्या टोकाला कनेक्टर दाबून बसवायचं हत्यार) हातात दिलं, पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी अशा आठ तारा ओळीने लावायच्या, माझ्या केबलचा टेस्टरवर ४ नंबरचा दिवा काही लागेना पण नेट मात्र चालू! मग कळलं की १०० एमबीपीएसला १, २, ३, ६ एवढ्याच पिना लागतात, गिगाबिटला (१००० एमबीपीएस) आठही, म्हणून स्पीड १०० वर अडकलेला. नुसतं वाचून हे डोक्यात शिरलंच नसतं. हब आणि स्विच दोन्ही कॉम्प्युटर एकमेकांना जोडणारे डबे, पण हब म्हणजे खालून अख्ख्या बिल्डिंगला हाक मारणारा आणि स्विच म्हणजे फ्लॅट नंबर बघून बेल वाजवणारा पोस्टमन, मॅक अ‍ॅड्रेस (प्रत्येक उपकरणाचा स्वतःचा नंबर) असा समजला मला.

सबनेटिंग (एका नेटवर्कचे छोटे भाग पाडणं) मात्र एकाच रविवारात उरकलं, तिथे अजून दोन लेक्चर हवीच होती, आणि एसी नाही, मे महिन्यात हाल होतात. कनेक्टर तिकडे महाग पडतात, लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून घेऊन जा. नवीन मुलामुलींनी बिनधास्त लावा हा क्लास.