उतारावरच्या जुन्या घराचा गिलावा : चुन्याचा की सिमेंटचा?

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात जांबोटी-कणकुंबीच्या उतारावर, जिथे मलप्रभा उगम पावते त्या पट्ट्यात, माती किंवा जांभ्याच्या जुन्या घरांच्या डोंगराकडील भिंतींत पावसाळाभर जमिनीतली ओल चढत राहते. सिमेंटचा गिलावा ही ओल सहज बाहेर पडू देत नाही. ती आतच कोंडते, भिंत भुसभुशीत होते आणि पुढे गिलाव्याचे पोपडे सुटू लागतात. चुन्याच्या गिलाव्यातून मात्र भिंत सुकत राहते. शिवाय चुनखडी सुमारे ९०० अंश सेल्सिअसला भाजते, तर सिमेंटच्या क्लिंकरला, म्हणजे जे दळून सिमेंट होते त्या भाजलेल्या खड्यांना, सुमारे १४५० अंश लागतात, आणि भाजताना सुटलेल्या कार्बन डायऑक्साइडचा काही भाग चुना घट्ट होताना पुन्हा शोषून घेतो. सिमेंटच्या बाजूने वेग आणि सहज मिळणारे गवंडी. चुना मळण्यात मुरलेला हात शोधावा लागतो, काम दिवाळीनंतरच काढावे लागते आणि कित्येक दिवस भिंत ओलसर ठेवावी लागते. घाईत असलेल्या कुटुंबाला हे जाचक वाटेल. तरीही, न्हाणीघर वगळता, मी चुनाच निवडेन. मात्र त्याआधी घरामागे, पायापासून थोडा दूर, पाणी वळवणारा चर खणावा. तो नसेल तर दोन्ही गिलाव्यांचा खर्च वाया जातो.