टिप्परचा तालांव ऑनलाइन भरताना: ई-चलान पोर्टल कितपत कामाचं?

गोव्यातला डिचोली-सत्तरीचा टिप्पर असो की फोंड्याचा टेंपो, तालांव (वाहतुकीचा दंड) भरायला रांगेत उभं राहावं लागत नाही, ही परिवहनच्या ई-चलान पोर्टलची मोठी सोय. चलान क्रमांक, गाडीचा नंबर किंवा लायसन्स, कशावरूनही शोधता येतं. गाडीच्या नंबरावरून शोधताना चॅसीस किंवा इंजिन नंबरचे शेवटचे पाच आकडे लागतात, म्हणून आरसी (गाडीचं नोंदणीपत्र) हाताशी असू द्या.

खात्यातून पैसे गेले आणि चलान पेंडिंगच दिसलं, तर घाईने दुसऱ्यांदा भरू नका. आधी पेंडिंग व्यवहार तपासायच्या पर्यायात जा. एसएमएस येतो तो आरसीला जोडलेल्या मोबाईलवर. जुनी गाडी घेताना तो नंबर बदलला नाही, तर तालांवाची खबर जुन्या मालकालाच जाते.

इथवर पोर्टल चांगलं. पण ओव्हरलोडच्या चलानात पैसे भरले म्हणजे सुटलो, असं समजू नका. गोव्यात वाढीव दंड 1 एप्रिल 2022 पासून आहेत. मोटार वाहन कायद्याच्या कलम 194 प्रमाणे ओव्हरलोडला 20,000 रुपये आणि जादा प्रत्येक टनामागे 2,000. आरसीवर 25 टन असताना काट्यावर 29 भरले, तर झाले 28,000. वर जादा माल उतरवल्याशिवाय गाडी हलत नाही आणि उतरवायचा खर्चही आपल्याच माथी. दुसरा ट्रक, कामगार, बुडालेली फेरी, यांतलं काहीच पोर्टलवर दिसत नाही. वजन करायला गाडी थांबवली नाही तर दंड थेट 40,000. सळ्या फाळक्याबाहेर काढून नेल्या, तर वजन नियमात असूनही 20,000!

चूक बहुतेक वेळा भरतानाच होते. रेती फाळक्याच्या उंचीवर मोजून भरतात, वजनावर नाही. सुकी रेती घनमीटरला साधारण 1.6 टन, भिजलेली 1.9 च्या आसपास. आठ घनमीटरला जवळजवळ अडीच टनांचा फरक पडतो. पावसाळ्यात उन्हाळ्याएवढीच रेती भरली की तालांव ठरलेलाच. भरल्याजागी काट्याची पावती घेणं कितीतरी स्वस्त पडतं.

फिटनेस प्रमाणपत्राच्या बाबतीत पोर्टलचा काहीच उपयोग नाही, कारण तिथे झालेली चलानं तेवढी दिसतात. मुदत एमपरिवहन ॲपवर आरसीत बघा. आठ वर्षांपर्यंतच्या गाडीचं पासिंग (फिटनेस तपासणी) दर दोन वर्षांनी, त्यानंतर दरवर्षी. नववं वर्ष लागलं की नेमका इथेच विसर पडतो. फिटनेस संपलेली गाडी कायद्याने नोंदणी नसलेली धरतात: पहिल्या वेळी 2,000 ते 5,000 रुपये, पुन्हा सापडली तर 5,000 ते 10,000 किंवा वर्षापर्यंत कैद, किंवा दोन्ही.