सायकलवर ‘सौ.’ : भांड्यांवर नाव घालणाऱ्या काकांकडचा अनुभव

गेल्या वर्षी लक्ष्मीपूजनाच्या रात्री सोसायटीच्या पार्किंगमधून माझी सायकल गेली. कुलूप होतं, पण केबलचं. चोराने ती कापली आणि जाताना दोन्ही तुकडे नीट गुंडाळून खांबाला अडकवून ठेवले. पुण्याचाच असणार.

पोलीस चौकीत पहिला प्रश्न आला, “फ्रेम नंबर?” मी म्हटलं, “काळी आहे, लाल पट्टा आहे.” हवालदार म्हणाले, “ताई, रंग नको, नंबर सांगा.” नंबर असतो हेच मला माहीत नव्हतं. सायकल उलटी केली की पायडलचा आस ज्या जाड नळीत बसतो, तिच्या खाली तो ठोकलेला असतो. तीन वर्षं रोज त्याच्यावर बसून मी वेताळ टेकडीपर्यंत जात होते! बिलावर मॉडेलचं नाव आणि जीएसटी, बाकी काही नाही.

अडीच महिन्यांनी फोन आला. काही सायकली सापडल्या आहेत, येऊन ओळखा. आवारात अकरा सायकली भिंतीला टेकवून उभ्या. त्यातल्या तीन काळ्या, लाल पट्ट्याच्या, त्याच कंपनीच्या, त्याच मापाच्या. एकीच्या डाव्या ग्रिपवर अंगठ्याची झीज होती, ती माझी वाटली. पण ‘वाटली’ म्हणून मुद्देमाल हातात मिळत नाही, मालकी दाखवावी लागते. तिथल्या साहेबांनी चहा पाजला, नीट समजावून सांगितलं. मी तीन सायकलींकडे पुन्हा एकदा बघितलं आणि रिक्षाने घरी आले. त्यांची काहीच चूक नव्हती, म्हणूनच जास्त चिडचिड झाली.

नवी सायकल आली तेव्हा सासूबाई चहा गाळत होत्या. म्हणाल्या, “एवढ्या महागाच्या वस्तूवर नाव नाही? आपल्या वाटीवर आहे.” खरंच आहे. आमच्या मांडणीवरची प्रत्येक वाटी कुणाच्या मंगळागौरीची, प्रत्येक ताट कुणाच्या वास्तुशांतीचं, ते मागे कोरलेलं आहे. एक पितळी पातेलं शेजारच्या जुन्या बिऱ्हाडाचं आहे. नाव स्वच्छ वाचता येतं, एका लग्नात आमच्याकडे आलं आणि राहिलं. थोडक्यात, नाव घातलं की वस्तू परत जातेच असं नाही, याचा पुरावा आमच्याच घरात आहे. पण निदान कुणाची ते कळतं. चौकीच्या आवारात मला नेमकं तेवढंच हवं होतं.

सासूबाईंना जुन्या सायकलींचे बिल्लेही आठवतात. तेव्हा सायकलवर कर होता, तो भरला की धातूचा बिल्ला मिळायचा आणि तो सायकलला लावून फिरायचं. बिल्ला गेला आणि सायकलची ओळखही गेली. फ्रान्सने उलटी वाट धरली आहे. तिथे १ जानेवारी २०२१ पासून दुकानात विकल्या जाणाऱ्या नव्या सायकलीवर ओळख क्रमांक टाकणं कायद्याने सक्तीचं आहे. आपल्याकडे ही जबाबदारी आपली आपणच घ्यायची, म्हणून मी सायकल घेऊन रविवार पेठेत गेले.

दुकान म्हणजे भांड्यांच्या दुकानाची पायरी. दुकानदाराचं भांडं घेतलं तर नाव फुकट, बाहेरची वस्तू असेल तर अक्षराला ४ रुपये, किमान १०० रुपये. काका साठीच्या पुढचे, चष्मा कपाळावर, पुढ्यात पोतं, हातात वायर लावलेलं पेनाएवढं मशीन. मी सायकल टेकवली तर त्यांनी आधी मागे कुणी भांडं घेऊन उभं आहे का ते पाहिलं. मग म्हणाले, “हिच्यावर? कुणाच्या स्मरणार्थ?”

मी आधी घरची स्टीलची बाटली पुढे केली, हात बघावा म्हणून. घर्रर्र आवाज आणि अक्षरं. पेन्सिलीने आखणं नाही, मोजणं नाही. अक्षरं सुटी उमटतात, ठिपक्याठिपक्यांची, आणि सगळ्यात शेवटी शिरोरेखा एका दमात डावीकडून उजवीकडे. बाटलीच्या गोलाईवरही ती रेघ वाकडी झाली नाही. मी कितीतरी वर्षं या लोकांसमोरून तुळशीबागेत गेले असेन, थांबून कधी पाहिलं नव्हतं.

मग सायकल उलटी करून हँडल आणि सीटवर पोत्यावर उभी केली. जागा मी आधीच ठरवून गेले होते आणि हे तुम्हीही करा. फ्रेमच्या नळ्या वाटतात त्यापेक्षा पातळ असतात, मधल्या भागात तर आणखीच. त्यांच्यावर कोरायचं नाही. फ्रेम नंबर असतो ती खालची नळी जाड असते, तिथेच नंबरच्या शेजारी नाव घालायचं, तेही रंग खरवडून धातू दिसेल इतपत हलकं. फ्रेम कार्बनची असेल तर मशीन जवळही आणू देऊ नका. लोखंडी असेल तर कोरलेल्या जागी गंज धरतो, वरून पारदर्शक नेलपॉलिशचे दोन हात द्यायचे. माझी ॲल्युमिनियमची आहे, तरी मी दिले.

काकांनी फुंकर मारली, काळ्या रंगात चकचकीत अक्षरं दिसली आणि मी वाचलं : ‘सौ.’ आणि पुढे आमचं आडनाव, खाली मोबाइलचे दहा आकडे. मी फक्त आडनाव सांगितलं होतं. काका म्हणाले, “हाताला सवय आहे ना.” बिलात मात्र ‘सौ.’चे पैसे लावले नाहीत. आमच्या रविवारच्या ग्रुपमध्ये माझी सायकल आता ‘सौभाग्यवती’ म्हणून ओळखली जाते.

इथवर काकांना पाचपैकी पाच गुण. एक गुण गेला तो पुढे.

मी आमच्या ट्रेकिंग ग्रुपचं सामान सांभाळते. कॅराबिनर, म्हणजे दोर अडकवायचे झडपेचे धातूचे हूक, सगळ्यांचे सारखेच दिसतात. एका कड्यावर दोन ग्रुप भेटले की संध्याकाळी मोजणीत दोन कमी आणि एक जास्त हे ठरलेलं. त्यात चोरी फारशी नसते, घाई असते. तर उत्साहात मी चौदा कॅराबिनरही पिशवीत घालून नेले होते. काकांना सांगितलं की फक्त पाठीवर, झडपेपासून आणि बिजागरीपासून लांब, नुसता ओरखडा. पण त्यांच्या लेखी धातू म्हणजे पातेलं. पहिल्यावरच मशीन दाबून फिरलं आणि चांगली खोल चर पडली. ज्या वस्तूवर माणूस लटकणार तिच्यावर चर नको, मग भार कितीही पेलणारी असो. पाठीवर किती भार पेलेल ते सांगणारे किलोन्यूटनचे आकडे छापलेले असतात, तेही खोडले जाता कामा नयेत. तो कॅराबिनर बाद केला. आता स्कूटरच्या किल्ल्या त्यात अडकवते. उरलेल्या तेरांच्या पाठीला रंगीत इन्सुलेशन टेप, आमच्या ग्रुपचा पिवळा-निळा. गिर्यारोहणातली ही जुनी आणि सगळ्यात बिनधोक पद्धत आहे. टेप दर पावसाळ्यानंतर बदलावी लागते, त्या निमित्ताने खालची तड वगैरे बघून होते. यात काकांना फार दोष देत नाही, मीच चुकीच्या माणसाला चुकीचं काम सांगितलं.

दोराची गोष्ट याहून नाजूक. मार्कर पेनाने दोरावर ग्रुपचं नाव लिहिणारे लोक मी पाहिले आहेत. जागतिक गिर्यारोहण महासंघाच्या सुरक्षा समितीने केलेल्या चाचण्यांत काही शाईंमुळे दोराची झटका पेलण्याची क्षमता निम्म्यापर्यंत घसरलेली आढळली होती, आणि त्यात खास दोरासाठी म्हणून विकली जाणारी शाईही होती. त्यामुळे आमच्या दोरांच्या फक्त दोन टोकांना टेप आणि त्याच्यावर पारदर्शक नळी, गरम केली की आवळून बसते ती, इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळते. हार्नेस (कमरेला-मांड्यांना बांधायचे पट्टे) आणि स्लिंगवर (पट्टीचा शिवलेला फास) लिहायचं ते शिवलेल्या लेबलावरच, पट्ट्यावर नाही. हेल्मेटच्या कवचावर स्टिकर किंवा रंग नको, त्यातलं रसायन प्लॅस्टिकला खातं. आत पट्ट्याच्या लेबलावर लिहा.

सॅकसाठी मी आमच्या चौकातल्या पिको-फॉलवाल्या ताईंकडे गेले. त्यांनी आतल्या खिशाच्या अस्तरावर नाव आणि नंबर मशीनने भरून दिला, ४० रुपयांत, साडीला फॉल लावता लावता. शाळेच्या गणवेशावर घालतात तसाच. सासूबाईंचं मत होतं बिब्बा वापरावा, पूर्वी धोबी कपड्यांवर त्याचीच खूण करायचे आणि ती मरेपर्यंत जात नसे. खरं आहे, पण बिब्बा अंगावर उततो. पाठीला लागणाऱ्या वस्तूवर तो प्रयोग नको म्हटलं.

बाकीचे उपाय मी ऑनलाइन मागवून पाहिले, त्यांचं थोडक्यात. अदृश्य शाईचं पेन, जे नोटा तपासायच्या निळ्या दिव्याखाली दिसतं : उन्हात राहणाऱ्या वस्तूवर विरतं. मार्चमध्ये लिहिलेलं जूनमध्ये शोधावं लागत होतं. शिवाय चोराला दिसत नाही म्हणजे धाकही नाही, आणि चौकीत कुणी स्वतःहून निळा दिवा लावून बघणार नाही. क्यूआर कोडचे स्टिकर : पहिल्याच पावसात सिंहगडावरून येताना अर्धा सोलला. उरलेला स्कॅन केला तर आधी ॲप उतरवायला सांगतो. वस्तू सापडलेला माणूस आपल्यासाठी एवढं का करेल? ब्लूटूथ टॅग शहरात चांगला, पण तो आसपासच्या फोनच्या आधाराने चालतो. तोरण्याच्या पायथ्याच्या रानात फोन कुणाचे? त्यात अनोळखी टॅग बराच वेळ सोबत फिरतोय असं समोरच्याच्या फोनवर कळवण्याची सोय असते. बायकांच्या सुरक्षेसाठी ती हवीच, पण चोरालाही तीच कळवते.

फुकटचा आणि मला सगळ्यात आवडलेला उपाय चिठ्ठीचा. हँडलच्या टोकाचं बूच काढायचं, नाव-नंबर लिहिलेली चिठ्ठी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून नळीत सरकवायची, बूच बंद. दुसरी सीटखालच्या नळीत. वरचं नाव कुणी घासून काढलं तरी चौकीत “साहेब, बूच काढा” म्हणता येतं.

याचा आतापर्यंतचा हिशोब असा. काकांनी हँडलजवळ हलक्या हाताने नंबर घातलेली ट्रेकिंगची काठी मी राजगड उतरल्यावर गुंजवण्यात एका घराच्या ओटीवर विसरले. पिठलं-भाकरी खाल्ली, ताक प्यायलं आणि काठीशिवाय गाडीत बसले. नवव्या दिवशी फोन आला. त्या घरचा मुलगा पुण्यात नोकरीला येतो, त्याने स्वारगेटला आणून दिली. पैसे घेतले नाहीत, वर विचारलं की हे नाव कुठे घालून मिळतं, आईला हंडा-कळशीवर घालायचंय. दुसरीकडे, दुकानाबाहेर सायकलच्या हँडलला अडकवलेलं माझं हेल्मेट गेलं ते गेलंच. नाव आत लेबलावर होतं, बाहेरून काही दिसत नव्हतं. तेव्हा विसरलेली वस्तू परत आली, चोरलेली नाही. सायकलला आता जाड यू-लॉक आहे, फ्रेम आणि मागचं चाक दोन्ही धरून लावते. उलट्या सायकलचा, नंबर आणि ‘सौ.’ दोन्ही दिसतील असा फोटो बिलासोबत मेलवर ठेवला आहे.

ट्रेकवाल्यांसाठी एक कामाची गोष्ट. कर्जतला किंवा भोरला सामान चोरीला गेलं तर तिथेच थांबून राहायची गरज नाही. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठेही घडलेला असो, कोणत्याही ठाण्यात तक्रार देता येते. जाताना बिल, फोटो आणि नंबर न्या. रंग सांगू नका.

काकांकडे जायचं तर धनत्रयोदशीच्या आसपास आणि लग्नसराईत जाऊ नका. रुखवताची भांडी पुढे रांगेत असतात, तुमची सायकल तासभर रस्त्यात आडवी राहील आणि येणारेजाणारे बोलतील. सकाळी दुकान उघडताच जा. पत्ता किंवा आधारचा आकडा घालू नका, आडनाव आणि मोबाइल पुरे. सुटे पैसे न्या. स्वतःचं नाव कागदावर मोठ्या अक्षरात लिहून न्या, आणि मशीन सुरू व्हायच्या आत ‘सौ.’ घालायचं की नाही ते स्पष्ट सांगा.