साडेचार हजारांचा मायक्रोस्कोप आणि दारची सदाफुली

चवथीची गडबड आटोपल्यावर नातवासाठी ऑनलाइन मागवला. त्याचं बारावीला जीवशास्त्र आहे, आणि मी डिचोलीला तेहतीस वर्षं तोच विषय शिकवला. म्हणून आधी यंत्राचीच परीक्षा घेतली. प्रश्न एकच: परागनलिका, म्हणजे परागकणातून फुटणारी बारीक नळी, वाढताना दिसते का?

100 मिली डिस्टिल्ड पाणी (इन्व्हर्टरला घालतो तेच), 10 ग्रॅम साखर आणि नखाच्या टोकावर मावेल त्याहून कमी बोरिक पावडर. बोरॉन नसेल तर नलिका धड वाढत नाहीत, पुष्कळदा फुटतात. सदाफुलीच्या फुलाची नळी ब्लेडने उभी चिरली, तोंडाशी दडलेले परागकोश थेंबात टेकवले आणि स्लाइड ओल्या कापसासोबत डब्यात झाकून ठेवली.

तासाभराने 40एक्सचं भिंग फिरवलं. एका दाण्याच्या कडेतून काचेसारखं पारदर्शक बोट बाहेर आलं होतं. आतले बारीक कण टोकाच्या दिशेने धावायचे आणि माघारी वळायचे. नलिका लांबते ती फक्त टोकाशी. मक्यात तर ती कणसाच्या केसातून वीतभर, कधी त्याहूनही लांब जाते. नातू ओरडला, "आजी, वाडटा गो तें!"

आणि नेमकं तेव्हाच सगळं धूसर. स्टेज, म्हणजे स्लाइड ठेवायचा मंच, आपल्याच वजनाने खाली घसरतो! दर दोन मिनिटांनी फोकस जुळवत बसले. विक्रेत्याला व्हिडिओ पाठवला, तर उत्तर आलं, "स्क्रू आवळा." पाना खोक्यात नव्हताच. शेवटी कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याकडून आणून आवळला. आता बराच वेळ टिकतो.

खालचा आरसा मे महिन्यापुरता; पावसाळी उजेडात मोबाइलचा टॉर्च लावावा लागतो. 100एक्सच्या भिंगासाठी जादा पैसे मोजू नका, या कामाला 40एक्स पुरतं. आपल्या दमट हवेत भिंगांवर बुरशी धरते, तेव्हा सिलिका जेलच्या पुड्या घालून घट्ट डब्यात ठेवा. सोबतचं प्लॅस्टिकचं आवरण काही कामाचं नाही.

पाचात साडेतीन तारे. आमिची या इटालियनाने 1824 च्या सुमारास परागनलिका पहिल्यांदा पाहिली ती घोळीच्या फुलात, तीही स्वतः घडवलेल्या सूक्ष्मदर्शकातून. आमच्या परसात घोळ आहे, पण तिची फुलं सकाळच्या उन्हात उमलतात, आणि इथे चार दिवस ऊनच नाही. उरलेल्या दीड ताऱ्याचं तेव्हा बघू.