ऑगमेंटेड रिॲलिटी हेडसेटच्या खरेदीत आमची झालेली फसवणूक

कारखान्याच्या देखभाल विभागासाठी ऑगमेंटेड रिॲलिटीचे हेडसेट, म्हणजे समोरच्या खऱ्या दृश्यावर संगणकाची चित्रे दाखवणारे डोक्यावर घालायचे चष्मे, घेण्यापूर्वी विक्रेत्याने आम्हांला एक चित्रफीत दाखवली होती. तिच्यात पंपाच्या प्रत्येक नटावर हिरवा बाण नेमका बसत होता आणि तंत्रज्ञ पंपाभोवती फिरला तरी तो बाण जागचा हलत नव्हता. हेडसेट हाती आल्यावर कळले की ते दृश्य चष्म्यातून टिपलेलेच नव्हते. साध्या कॅमेऱ्याच्या चित्रीकरणावर बाण नंतर संगणकाने चढवले होते. असे पूर्वीही घडले आहे: असेच हेडसेट बनवणाऱ्या मॅजिक लीप कंपनीने २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेली चित्रफीत विशेष दृश्यपरिणामांनी बनवलेली होती, हे २०१६ मध्ये उघड झाले.

चित्र लहानशा चौकटीत दिसते, ही तक्रार मी करणार नाही. मायक्रोसॉफ्टच्या होलोलेन्स २ या हेडसेटमध्येही दृश्यक्षेत्र कर्णाच्या मापाने सुमारे ५२ अंशच आहे, आणि आरपार दिसणारे भिंग समोरच्या दृश्यात फक्त प्रकाशाची भर घालू शकत असल्यामुळे भर उन्हात अक्षरे पुसट होणारच.

खरी लबाडी वेगळीच होती. माहितीपत्रकात हेडसेट डोक्याचे वळणे आणि जागा बदलणे दोन्ही ओळखतो असे छापले होते. आम्हांला मिळालेला हेडसेट केवळ वळणे ओळखत होता. त्यामुळे वाकून पाहिले किंवा एक पाऊल पुढे टाकले की बाणही आपल्याबरोबर सरके आणि भलत्याच नटावर जाऊन बसे. प्रात्यक्षिकाच्या वेळी आमच्या तंत्रज्ञाला आग्रहाने फिरत्या खुर्चीत बसवले होते, तो पाहुणचार नव्हता हे मग लक्षात आले. सॉफ्टवेअर अद्ययावत केले की सगळे सुरळीत होईल, असे विक्रेता अजूनही लिहितो. परंतु जागेचा माग ठेवायला हेडसेटवर बाहेर पाहणारे कॅमेरे किंवा खोलीत बसवलेले संवेदक लागतात, आणि यातले काहीच त्याने दिलेले नसताना सॉफ्टवेअर बिचारे काय करणार?

असा हेडसेट घेणाऱ्यांनी चाचणी आपल्याच यंत्रावर, उभ्याने आणि यंत्राभोवती चालत घ्यावी. चकचकीत धातू व कोऱ्या भिंतींपुढे चांगल्या हेडसेटचाही माग चुकतो, म्हणून तीही जागा तपासावी. बाण किती सरकलेला चालेल, हे मिलिमीटरमध्ये करारात लिहून घ्यावे. आमच्या करारात तसे कलम नसल्याने विक्रेता ‘यंत्रणा चालू आहे’ एवढ्यावरच अडून बसला आहे. उरलेली रक्कम आम्ही रोखली आहे. आगाऊ दिलेली अद्याप परत मिळालेली नाही.