गच्चीवरच्या ‘ड्रीम गार्डन’ पॅकेजमधलं काय घ्यावं, काय परत पाठवावं

शहरात गच्चीवर बाग लावून देणाऱ्यांची पॅकेजं आता बहुतेक एकाच साच्यातली असतात. पहिली भेट, मापं, प्रश्नावली, थ्रीडी चित्र, मग कुंड्या-माती-रोपं-ठिबक आणि शेवटी देखभालीचा करार. हा आढावा त्या साच्याचा आहे, कुठल्या एका कंपनीचा नाही.

सगळ्यात कच्चा भाग प्रश्नावलीचा. ‘तुमच्या स्वप्नातली बाग कशी?’ असं विचारतात आणि खाली पर्याय देतात ट्रॉपिकल, झेन, मॉडर्न. हे झालं दिसण्याचं. उन्हाळ्यात सोसायटीत टँकर येतो का, ओला कचरा घरीच जिरवायचाय का, कुरतडलेली पानं चालतील का, हे कोणी विचारत नाही. या तीन उत्तरांवर बाग ठरते, म्हणून ती आपणच आधी लिहून द्यावीत. नाहीतर ‘पाणी जपायचंय’ म्हणणाऱ्याच्या चित्रातही हिरवळ येतेच. तिचा हिशोब सोपा आहे. भर उन्हाळ्यात लॉनला रोज 5-6 मिलिमीटर पाणी धरलं, तर 100 चौरस फुटांना 50 लिटरच्या आसपास लागतं. तेवढ्यात बारा इंची चाळीस कुंड्या भागतात. प्लास्टिकचं लॉन पाणी मागत नाही, पण एप्रिलच्या दुपारी त्यावर अनवाणी उभं राहून दाखवा म्हणावं.

चित्रातले लांबलचक वाफे मंजूर करण्याआधी वजन बघा. वर वावर असलेल्या सपाट छतासाठी भारतीय मानक 875 मध्ये (इमारतींवर किती भार धरायचा ते सांगणारं मानक) चौरस मीटरला 150 किलो भार धरलेला असतो. फूटभर खोल ओली लाल माती तेवढ्याच जागेत 500 किलोच्या घरात जाते. म्हणजे जड वाफे बीमवर किंवा भिंतीलगत आणि तेही स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवूनच. पालेभाजीला सहा इंच खोली पुरते. कुंड्या स्टँडवर ठेवायला सांगा. स्लॅबला टेकलेल्या कुंडीखाली ओल धरते, आणि पन्हळीचं तोंड पाचोळ्यानं बुजलेलं पहिल्या मोठ्या पावसापर्यंत कळत नाही.

पॅकेजची माती घेऊ नये. वजन आणि खर्च वाचवायला त्यात कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, निम्म्याहून जास्त असतं. ते वरून कोरडं दिसतं, आत गच्च ओलं असतं. लोक वरून पाणी घालत राहतात आणि जुलैत मुळं कुजतात. न धुतलेल्या कोकोपीटमधल्या क्षारांनी पानांच्या कडा करपतात, ते वेगळंच. 5 किलोची वीट भिजून 60-70 लिटर होते. ती भिजवून, पिळून, निथळणारं पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवा. मिश्रण असं: चार घमेली लाल माती, तीन गांडूळखत किंवा घरचं कंपोस्ट, दोन कोकोपीट, एक भाताचं तूस. बारा इंची कुंडीला मूठभर निंबोळी पेंड.

ठिबक मात्र जरूर घ्या, पॅकेजमधली सगळ्यात कामाची वस्तू तीच. अडचण टायमरची येते. टाकी गच्चीपासून दोन मीटर उंच असेल तर दाब मिळतो जेमतेम 0.2 बार. सोलेनॉइडचे, म्हणजे विजेच्या चुंबकानं झडप उघडणारे, बरेच टायमर एवढ्या दाबावर नीट उघडत नाहीत आणि माणूस गावाला गेला की बाग वाळते. बॉल व्हॉल्व्हचा (भोक असलेला गोळा फिरवून पाणी सोडणारा), शून्य दाबावर चालणारा टायमर मागा. आधी फिल्टर, मग 16 मिलिमीटरची नळी, कुंडीला तासाला 4 लिटरचा एक ड्रिपर, म्हणजे थेंब-थेंब पाणी सोडणारं तोंड. पूर्ण दाब असेल तर पंधरा मिनिटांत लिटरभर पाणी पडतं. टाकीच्या कमी दाबावर धार मंदावते, म्हणून एकदा ड्रिपरखाली मापाचं भांडं धरून वेळ ठरवा. बोअरचं पाणी असेल तर क्षारांनी ड्रिपर तुंबतात, तेव्हा उघडून साफ करता येणारेच घ्या.

रोपांच्या यादीत पाम, क्रोटन, फायकस (वडाच्या जातीतली शोभेची झाडं) भरलेले असतात, कारण ते नर्सरीत तयार मिळतात आणि हँडओव्हरच्या दिवशी भरगच्च दिसतात. फायकसची मुळं गच्चीवर नकोच. त्याऐवजी लिंबू, कढीपत्ता, तुळस, कण्हेर मागा. महाराष्ट्रानं 2015 साली राज्य फुलपाखरू ठरवलेल्या ब्ल्यू मॉरमॉनच्या अळ्या लिंबाच्या जातीवर वाढतात. कोवळ्या पानावर पक्ष्याची शीट पडल्यासारखा काळा-पांढरा ठिपका दिसला की बोटानं पुसू नका, बहुधा ती अशीच एखादी अळी असते. मोठी झाल्यावर ती हिरवी होते आणि आठवडाभरात फांदी बोडकी करते. बागेत फुलपाखरं हवीत म्हणणाऱ्यांचा खरा कस तिथे लागतो.

म्हणून देखभालीचा करार बारकाईनं वाचा. त्यात ‘मासिक कीटकनाशक फवारणी’ सरसकट घातलेली असते. ते कलम खोडून लिहून घ्या: फवारणी कीड दिसल्यावरच, मालकाला विचारून, पिठ्या ढेकणावर लिटरला 5 मिली निंबोळी तेल आणि थोडा साबण, संध्याकाळी, लिंबू-कढीपत्त्यावर काहीच नाही. तोंडी सांगितलेलं पुढच्या महिन्यात येणाऱ्या नव्या माळ्यापर्यंत पोचत नाही.